पाठभेद आणि पूर्वज : एका आजाराच्या मुळाचा शोध

पाठचिकित्सेच्या अभ्यासात एक गोष्ट आरंभीच शिकावी लागते. दोन पोथ्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या आहेत की नाहीत हे ठरवायचे असेल, तर त्यांतल्या निर्दोष ओळी फारशा कामाला येत नाहीत. उपयोगी पडतात ते समान पाठभेद, आणि त्यातही समान चुका. एकाच ओवीत तोच शब्द गळलेला, त्याच ठिकाणी तेच अक्षर फिरलेले, असे दोन दूरच्या गावांतल्या पोथ्यांत दिसले की त्यांचा पूर्वज एक, असे आपण म्हणतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वि. सी. सुकथनकरांनी भांडारकर संस्थेत पोथ्यांची जी कुळे लावली, ती अशाच पाठांच्या मेळावरून आणि विसंगतीवरून. हीच रीत कागदाऐवजी रक्तावर चालवली तर काय होते, आणि त्यातून इतिहासाच्या कोणत्या समजुती कोसळतात, याचे एक उदाहरण आम्हांला येथे मांडायचे आहे. उदाहरण वैद्यकातले असले तरी ते वाचण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला आहे, असे आम्हांला वाटते.

आजाराचे नाव मचाडो-जोसेफ. बहुतेकांना तो ऐन चाळिशीच्या आसपास गाठतो. आधी चाल बिघडते. पावले फाकवून टाकावी लागतात, वळताना तोल जातो, आणि पाहणाऱ्याला वाटते की हा मनुष्य प्यालेला आहे. मग जीभ जड होते, नजर स्थिर राहत नाही, घास गिळणे कठीण होते. लहान मेंदू आणि मेंदूचा देठ यांतल्या पेशी हळूहळू मरत जातात. बुद्धी मात्र बहुधा शाबूत राहते, म्हणजे आपले काय होते आहे ते रुग्णाला शेवटपर्यंत समजत असते. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असला की प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आजार थांबवणारे औषध अद्याप नाही.

वैद्यकात आजारांना सहसा डॉक्टरांची नावे मिळतात. पार्किन्सन, अल्झायमर, हंटिंग्टन ही सारी तपासणाऱ्यांची नावे. ज्यांनी भोगले ते निनावी. येथे उलटे झाले. मचाडो आणि जोसेफ ही रुग्णांच्या घराण्यांची आडनावे आहेत. १९७२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थायिक झालेल्या एका पोर्तुगीज घराण्याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यांचा मूळ पुरुष अझोर बेटांपैकी साऊँ मिगेल बेटावरून आलेला. त्याच वर्षी थॉमस नावाच्या दुसऱ्या घराण्याविषयी लिहिले गेले. १९७६ साली कॅलिफोर्नियातले जोसेफ घराणे पुढे आले. त्यांचा पूर्वज अझोरच्याच फ्लोरेस बेटावरचा खलाशी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत उतरलेला. तीन घराणी, लक्षणांत बराच फरक, आणि डॉक्टरांच्या लेखी तीन वेगळे आजार. (थॉमस हे नाव पुढे गळाले. नामकरणाच्या इतिहासात कोण टिकते आणि कोण गळते, याला फारसे कारण लागत नाही.)

हे आजार एकच आहेत हे ओळखले पोर्तुगालच्या दोन डॉक्टरांनी. कोरिनो द आंद्राद हे पोर्तु शहरातले नावाजलेले मेंदुविकारतज्ज्ञ. पोव्होआ द वार्झिंग या कोळ्यांच्या गावात आढळणाऱ्या एका वेगळ्या आनुवंशिक मज्जाविकाराचे वर्णन त्यांनी १९५२ साली करून ठेवले होते. १९७६ साली ते आणि पाउला कुतिन्यु अझोर बेटांवर गेले, घरोघर हिंडले, आजारी माणसांबरोबर त्यांचे भाऊ, चुलते, आज्या पाहिल्या. एकाच घरात एकाचे अंग ताठलेले, दुसऱ्याचा तोल गेलेला, तिसऱ्याचे हातपाय वाळलेले असे त्यांना दिसले. ज्यांना अमेरिकेत वेगळे आजार मानले गेले होते, ती एकाच कुळाची वेगवेगळ्या वयांत दिसणारी रूपे होती. बेटावरच्या लोकांनी त्याला ‘अडखळण्याचा आजार’ असे साधे नाव केव्हाच दिले होते. १९७८ साली या दोघांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि लवकरच दोन आडनावांमध्ये एक जोडरेघ पडून आजाराचे आजचे नाव रूढ झाले. त्या जोडरेघेकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे तिच्याशी काम आहे.

अझोर म्हणजे अटलांटिकच्या मध्यावर पोर्तुगालने पंधराव्या शतकात वसवलेली बेटे. तेथून माणसे देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर चढली आणि अमेरिकेत पसरली. साहजिकच हा ‘पोर्तुगीजांचा आजार’ ठरला. पण १९८० नंतर तो जपानमध्ये सापडू लागला, आणि थोडाथोडका नव्हे. मग ब्राझील, चीन, भारत, आफ्रिकी वंशाची अमेरिकन कुटुंबे. फ्रान्समधल्या कुटुंबांत तर त्याला स्वतंत्र आजार समजून तोल जाण्याच्या आनुवंशिक विकारांपैकी ‘तिसरा प्रकार’ असा क्रमांकही मिळाला. एवढ्या पसाऱ्याचा उलगडा करायला एक कथा हाताशी होती. पोर्तुगीज जहाजे कोठे कोठे गेली? ब्राझीलला गेली, आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला आली, गोव्याहून मलाक्काला, तेथून चीनला, आणि १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली. नकाशावर जहाजांची रेघ ओढायची आणि तिच्यावर आजाराचे ठिपके ठेवायचे. ठिपके बरेचसे जुळत.

आपल्याकडच्या वाचकाला हा तर्क पटायला मुळीच जड जात नाही. पाव, बटाटा, अननस, चावी, पगार हे शब्द त्याच जहाजांतून उतरले. शब्द उतरले तर रोग का नाही? १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यात ज्यांचे राज्य होते, त्यांच्या पायगुणाविषयी आपल्या मनात आधीच काही ठरलेले असते. आणि आडनाव पाहा. मचाडो हे आडनाव गोव्यात आणि वसईत अनोळखी नाही. येथेच सावध व्हायला हवे. कोकण किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे मिळाली ती बाप्तिस्म्याच्या वेळी, रक्ताच्या नात्याने नव्हे. त्या आडनावावरून त्या घरचा वंश पोर्तुगालला नेणे चूक, आणि त्यावरून आजाराचा तर्क करणे तर अन्यायच. आडनाव हे पोथीच्या वेष्टनावरचे नाव आहे. आतली संहिता कोणत्या कुळातली, हे वेष्टन सांगत नाही.

आतली संहिता वाचता येऊ लागली ती १९९० नंतर. १९९३ साली जपानी संशोधकांनी हा दोष चौदाव्या गुणसूत्रावर आहे असे दाखवले, आणि १९९४ साली जपानमध्येच ते जनुक हाती लागले. दोषाचे स्वरूप साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटेल. नकलकाराची नजर ढळली की तोच शब्द त्याच्याकडून पुन्हा लिहिला जातो. पोथ्यांत अशा पुनरुक्ती जागोजागी सापडतात. या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ही आवृत्ती चव्वेचाळीसपर्यंत असू शकते. रुग्णांत ती साधारण साठीच्या पुढे गेलेली असते. त्या लांबलेल्या पुनरुक्तीमुळे एक प्रथिन वेडेवाकडे घडते आणि मज्जापेशींत त्याचे गोळे साठू लागतात. आवृत्ती जितकी लांब तितका आजार लवकर, असा सर्वसाधारण नियम आहे; आणि बापाकडून मुलाकडे जाताना ती अनेकदा आणखी लांबते. मुलाला बापाआधी आजार व्हावा, हा त्या घराण्यांचा जुना अनुभव होता. त्याचे कारण आता कळले.

मूळ शोधायचे तर केवळ ही पुनरुक्ती पाहून भागत नाही, कारण ती सगळ्याच रुग्णांत आहे. तिच्या शेजारचा मजकूर पाहावा लागतो. गुणसूत्रावर दोषाच्या अगदी लगत असलेली अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या दोषाबरोबरच प्रवास करतात, जशी एखाद्या प्रक्षिप्त ओवीबरोबर तिच्या मागची-पुढची ओवीही नकलली जाते. त्या शेजारच्या अक्षरांच्या जुळणीला हॅप्लोटाइप म्हणतात. आपण त्याला कुळाचा पाठ म्हणू. २००१ साली निरनिराळ्या देशांतल्या सुमारे अडीचशे कुटुंबांचे असे पाठ ताडून पाहिले गेले. जनुकातल्या तीन ठरावीक जागांची अक्षरे घेतली. फ्लोरेस बेटावरून आलेल्या कुटुंबांत ती ए-सी-ए निघाली. साऊँ मिगेलच्या कुटुंबांत निघाली जी-जी-सी.

म्हणजे ज्या दोन बेटांच्या दोन घराण्यांना जोडरेघेने एक केले होते, त्यांचे कूळच निराळे. आजार एक, पण चूक दोनदा झालेली, दोन वेगळ्या नकलकारांकडून. एका राज्याची, एका भाषेची, एका धर्माची ती दोन बेटे; त्यांच्यात रोगाचे नाते मात्र नाही. उलट फ्लोरेसचा पाठ जगभरच्या बहुसंख्य कुटुंबांत भेटतो, जपानमध्येसुद्धा. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर दोन्ही पाठ आहेत. डॉक्टर आंद्राद आणि कुतिन्यु यांची जोडरेघ यामुळे खोटी ठरत नाही, कारण त्यांचे विधान आजाराच्या रूपाविषयी होते, वंशाविषयी नव्हे. तरी इतिहास लिहिणाऱ्याने नावातली एकता आणि उगमातली एकता या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, हे या रेघेने चांगले शिकवले आहे.

पण फ्लोरेसचा पाठ जगभर भेटतो, यावरून पोर्तुगीज कथा उलट बळकट होत नाही काय? जहाजांनीच तो नेला असेल. हा आक्षेप २००१ साली खुलाच होता. त्याला उत्तर देण्यासाठी पाठाचे वय काढावे लागले. प्रत जितकी जुनी तितके तिच्या नकलांमध्ये आपसात फरक अधिक; ज्या प्रदेशात एकाच कुळातल्या पोथ्यांत सर्वाधिक विविधता, तेथे ते कूळ सर्वांत दीर्घकाळ नांदले, असे मानता येते. २००७ साली २६४ कुटुंबांच्या आधाराने हे गणित मांडले गेले. साऊँ मिगेलचा, म्हणजे मचाडो घराण्याचा पाठ सुमारे १,४०० वर्षांपूर्वीचा निघाला, आणि त्याचा उगम पोर्तुगालमध्ये दिसला. फ्लोरेसचा, म्हणजे जोसेफ घराण्याचा पाठ सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा, आणि त्याची सर्वाधिक विविधता जपानी कुटुंबांत. उगम आशियात. या आकड्यांना शेकड्यांनी, हजारांनी अधिक-उणे आहे, हे विसरू नये. तरीही दोन्ही दोष अझोर बेटांवर पहिले घर बांधले जाण्यापूर्वीचे आहेत, एवढे त्यांतून निश्चित होते. ज्या बेटांना आपण रोगाचे माहेर समजत होतो, तेथे तो वसाहतवाल्यांच्या बरोबर बाहेरूनच आलेला होता. आणि जपानला तो पोर्तुगीजांनी नेला, हे म्हणणे तर गंगोत्रीला काशीहून पाणी नेल्यासारखे झाले.

या शोधाची खरी कसोटी लागली ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, कार्पेन्टारियाच्या आखातातल्या ग्रूट आयलंड नावाच्या बेटावर. बेटाचे नाव वलंदेज भाषेतले, आबेल तास्मानने १६४४ साली ठेवलेले. अर्थ नुसता ‘मोठे बेट’. तेथे राहणारे मूळचे लोक अनिन्दिल्याक्वा भाषा बोलतात. त्यांच्यात आणि जवळच्या किनाऱ्यावरच्या यिरकालामधल्या योल्ङू लोकांत काही घराण्यांना चालणे सुटत जाण्याचा आजार होता. तो कशाने होतो, याविषयी एकामागून एक कथा आल्या.

पहिली बेटावरच्याच लोकांची : कोणा वैऱ्याने केलेल्या जादूटोण्याची. मग १९६० नंतर बेटावर मँगनीजची मोठी खाण निघाली. मँगनीज शरीरात अति गेले तर चाल बिघडते, हे वैद्यकाला ठाऊक होते. जॉन कॉट नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि इतरांनी हा बेटाच्या मातीतल्या मँगनीजचा परिणाम असावा असा तर्क मांडला. आम्ही या तर्काला हसणार नाही. पायाखालची जमीन खणून नेली जात असताना त्याच जमिनीवरची माणसे कोसळत असतील, तर दोहोंचा संबंध जोडणे हे समंजस माणसाचेच लक्षण आहे. १९९० नंतर मात्र रक्ततपासणीने नक्की झाले की हा मचाडो-जोसेफ.

मग तिसरी कथा आली, आणि ती कोणती हे वाचकांनी ओळखलेच असेल. पोर्तुगीज येथेही यायलाच हवे होते. वाट अशी सुचवली गेली की पोर्तुगीजांकडून तो सुलावेसी बेटावरच्या मकासार बंदरात आणि तेथून मकासारी खलाश्यांच्या मार्फत ऑस्ट्रेलियात आला असावा. वाट अशक्य नव्हती. १६४१ साली वलंदेजांनी मलाक्का घेतल्यावर अनेक पोर्तुगीज व्यापारी मकासारला जाऊन राहिले होते. आणि मकासारी तर खरोखरच दरवर्षी ऑस्ट्रेलियाला येत.

या मकासारींविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण जगाच्या सर्वसामान्य इतिहासात त्यांना दोन ओळीही मिळत नाहीत. पावसाळी वायव्य वाऱ्यावर त्यांच्या होड्या ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला लागत. चिनी बाजारात मोठी किंमत येणारी समुद्रकाकडी गोळा करायची, किनाऱ्यावरच उकडून-वाळवून भरायची, आणि वारा फिरला की परतायचे. त्या किनाऱ्याला ते मारेगे म्हणत. १८०३ साली मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज कप्तान किनाऱ्याचा नकाशा काढत आला, तेव्हा त्याला पोबासो नावाच्या नायकाच्या हाताखालचा त्यांचा तांडा भेटला. हा व्यवहार १९०७ पर्यंत चालला. मग तेथल्या सरकारने परवाने बंद केले. तोवर किनाऱ्यावरची काही माणसे त्यांच्याबरोबर मकासार पाहून आली होती आणि त्यांच्या भाषांत मकासारी शब्द मुरले होते. त्यांतला एक आजही चालतो : बलान्दा, म्हणजे गोरा माणूस. हे हॉलंडचेच रूप. आपल्या बखरींत त्याच हॉलंडचा वलंदेज झाला. आर्नहेम लँडचा आदिवासी आणि मराठी बखरकार एकाच परक्याला जवळजवळ एकाच नावाने ओळखत होते, हे आम्हांला मोठे मौजेचे वाटते. असो.

२०१२ साली ग्रूट आयलंड आणि यिरकाला येथल्या कुटुंबांचे पाठ ताडले गेले. ते निघाले जोसेफ कुळाचे, पण त्यातही तैवान, भारत आणि जपान येथल्या कुटुंबांशी जुळणाऱ्या जुन्या आशियाई शाखेचे. त्यांच्या पूर्वजांत पोर्तुगीज खलाशी घालण्याची गरज उरली नाही. तो दोष कोणत्या शतकात, कोणत्या होडीतून त्या किनाऱ्यावर उतरला, हे पाठ सांगत नाही. पोथीची कुळे लावली म्हणून ती कोणत्या बैलगाडीतून पैठणहून नाशिकला गेली ते कळत नाही, तसेच हे. शिवाय चिकित्सक आवृत्ती जशी उपलब्ध पोथ्यांवरच उभी असते, तसा येथला ‘उगम’ही ज्यांचे रक्त तपासले गेले त्यांच्यापुरताच असतो. उद्या दुसऱ्या प्रदेशातली कुटुंबे जमेस धरली, तर कुळांची मांडणी थोडी सरकू शकेल.

पोर्तुगीज कथा इतकी वर्षे का टिकली, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुरावा होता म्हणून नव्हे, तर ती सांगायला सोपी होती म्हणून. तिला नायक होता, जहाज होते, सनावळी होती. आशियाच्या समुद्रांवर काही हलले असेल तर ते हलवणारा युरोपीय असणार, आणि त्याच्यापूर्वी सारे स्थिर बसून होते, ही समजूत तिच्या बुडाशी आहे. तिला वसाहतवादी म्हणावे तर तिच्यात युरोपची स्तुती नाही. उलट त्याच्यावर रोगाचा ठपका आहे. पण ठपका ठेवतानाही कर्तेपण त्यालाच दिलेले आहे. मकासारी या कथेत आले ते केवळ वाहक म्हणून. पोर्तुगीजांनी दिलेले ओझे पुढे पोचवणे एवढेच त्यांचे काम. त्यांची स्वतःची ये-जा, तिच्याआधीच्या हजारो वर्षांतली आशियाई माणसांची ये-जा, यांना कथेत जागा नव्हती. वसाहतोत्तर समीक्षेचे पाठ वर्गात देणाऱ्या आम्हा मंडळींनी आपल्याही लेखनात ही खोड तपासावी. पोर्तुगीज आले आणि मिरची आली, हे आपण सांगतो ते खरे आहे. पण ते आले आणि समुद्र सुरू झाला, असे आपल्या वाक्यांतून नकळत ध्वनित होत असते.

ग्रूट आयलंडवर या वादाचा उपयोग काय झाला, हे विचारणे रास्त आहे. उपचाराच्या दृष्टीने काही नाही. कूळ आशियाई ठरले म्हणून कोणाचा तोल सावरला नाही. पण पूर्वजांपैकी कोणा बाईचे परक्या खलाश्याशी नाव जोडून आजाराचा उगम सांगण्याची पाळी टळली, ही लहान गोष्ट नव्हे. वंशावळीत दोष शोधायला निघालेला माणूस फार लवकर दोषी शोधू लागतो, आणि तो दोषी बहुधा एखादी स्त्री असते. २००८ साली तेथे या आजाराच्या कुटुंबांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. निम्म्या शक्यतेत जगणाऱ्या तरुणांना तपासणी करून घ्यायची की नाही, मुले होऊ द्यायची की नाही, चाकाची खुर्ची वाळूतून कशी न्यायची, असे तेथले प्रश्न आहेत. तपासणी करायला रक्ताचा लहानसा नमुना पुरतो. आवृत्ती किती, एवढा एक आकडा त्यातून येतो. तो ऐकायचा की नाही हे त्या तरुणाने ठरवायचे असते, आणि काही जण न ऐकणेच पसंत करतात.